स्पिटफायरच्या पायलटला काय काय माहीत नसायचं? युद्धाचं सिम खरं वाटायला लागतं ते इथून

परवा एका मित्राने नवीन ग्राफिक कार्ड बसवलं आणि मला मुद्दाम घरी बोलावून त्यावर युद्धातलं विमान उडवायचं सिम, म्हणजे सिम्युलेटर गेम, दाखवलं, सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर, ढग असे की बघत राहावं, खाली समुद्रावर ऊन चमकतंय, आणि तरी तो म्हणतोय की यार पंधरा-वीस मिनिटं उडवलं की कंटाळा येतो, आपण युद्धात आहोत असं वाटतच नाही. मी स्क्रीन बघितली तर प्रत्येक विमानाच्या डोक्यावर लेबल, त्यात विमानाचं नाव आणि अंतर, आपलं की शत्रूचं ते रंगावरून कळतंय, कोपऱ्यात नकाशा, नकाशावर आपलं विमान सरकतंय, आणि समोरचं विमान पडलं की खाली लगेच तसं लिहून येतंय. म्हटलं अरे, तुला सगळंच माहितीये. १९४० मध्ये स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला यातलं काहीही माहीत नसायचं, आणि त्याची भीती, त्याची घाई, त्याचे चुकलेले-बरोबर आलेले निर्णय सगळे त्या माहीत नसण्यातूनच यायचे.

त्यामुळे सिममध्ये जिवंतपणा आणायचा म्हणजे मला वाटतं आधी हे शोधायचं की पायलटला काय दिसत नव्हतं, काय ऐकू येत नव्हतं, कशात त्याचे हात अडकलेले असायचे, आणि मग ते एकेक करून आपल्या खुर्चीत परत आणायचं. मी उदाहरण एकच घेतो, बॅटल ऑफ ब्रिटन, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची झालेली लढाई, १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०. या लढाईसाठी 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' हे सिम आहे, ते २०११ मध्ये आलं तेव्हा बरंच कच्चं होतं, मग टीम फ्यूजन नावाच्या हौशी लोकांच्या ग्रुपने वर्षानुवर्षं राबून ते सुधारलं आणि २०१७ मध्ये त्याची ब्लिट्झ एडिशन आली. डीसीएस या दुसऱ्या सिममध्येही स्पिटफायर आहे आणि फार सुंदर बनवलंय, पण ते मार्क नाइन, म्हणजे नववी आवृत्ती, १९४० नंतरचं विमान, त्याच्या सवयी वेगळ्या.

तर पहिलं काम, लेबल बंद. दोन दिवस वैताग येईल कारण शत्रू दिसणारच नाही, आणि तसंच व्हायला हवं. साधा हिशोब बघा, जर्मन मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १० मीटर. १ किलोमीटरवरून हे १० मीटर डोळ्याला अर्ध्या अंशाच्या थोडं वर भरतात, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंदी. ५ किलोमीटरवर त्याच्या पाचवा हिस्सा, आणि तुमच्या दिशेने समोरून येत असेल तर पंखांची एक बारीक रेघ आणि मध्ये ठिपका, बस. हा ठिपका विंडस्क्रीनवरच्या डागासारखा दिसतो आणि काही सेकंदांत गोळ्या झाडायला लागतो. म्हणून ते लोक उडताना सतत मान फिरवत असायचे, कॉलरने मान सोलून निघायची म्हणून गळ्यात रेशमी स्कार्फ बांधायचे, आपण फोटोत बघतो ते स्कार्फ त्यासाठी होते.

इथे मॉनिटरची एक भानगड आहे आणि ती समजून घेतलीच पाहिजे, कारण बरेच जण लेबल बंद करतात, काहीच दिसत नाही म्हणून परत चालू करतात आणि तिथेच सोडून देतात. सिममध्ये तुम्ही एका वेळी किती रुंद दृश्य बघताय ते अंशांमध्ये मोजतात. समजा ९० अंश ठेवलंय आणि स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे, तर १ किलोमीटरवरचं ते १०९ स्क्रीनवर जेमतेम १० पिक्सेलचं होतं. तेच दृश्य ३० अंशांवर आणलं, म्हणजे झूम केलं, तर ३५ पिक्सेल. आता टेबलावरचा मॉनिटर तुमच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्षात किती जागा व्यापतो? साधारण तीस-चाळीस अंश. म्हणजे झूम केलेलं चित्र हेच खऱ्या मापाचं, आणि रुंद चित्र हे दाबून लहान केलेलं. झूम करणं ही चीटिंग आहे असं समजून ते न वापरणारे लोक मला भेटलेत, त्यांना हेच सांगतो की बाबा, पायलटच्या डोळ्याला जे दिसायचं त्याच्या जवळ जायचं असेल तर झूम लागणारच. रुंद दृश्य आजूबाजूचं भान ठेवायला, झूम नजर रोखून बघायला, दोन्ही बटणं अंगठ्याखाली ठेवा.

आणि मान फिरवायला हेड ट्रॅकिंग घ्याच. महागडा सेट नको, साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालतं, डोकं थोडं वळवलं की कॉकपिटमधलं दृश्य जास्त वळतं. माझ्या मते पैसे खर्च करायच्या यादीत हे ग्राफिक कार्डच्याही आधी यायला हवं. व्हीआर हेडसेटचं म्हणाल तर लँडिंगला आणि फॉर्मेशनमध्ये उडताना त्याला तोड नाही, कारण अंतर खरोखर अंतर वाटतं, पण लांबचा ठिपका ओळखायला अजूनही चांगला मॉनिटर बरा पडतो, आणि उन्हाळ्यात पंख्याखाली बसूनही हेडसेटच्या आत घामाने काचा धूसर होतात हे आपल्याकडच्या लोकांनी धरून चालावं.

आता हात. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

स्पिटफायरचं एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी, अतिशय हलकी होती. खऱ्या विमानातला स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, लांब, पायांच्या मधून वर आलेला, त्यामुळे हात बराच सरकला तरी फळी थोडीच हलायची. आपला टेबलावरचा जॉयस्टिक वीतभर, तिथे हात एक सेंटिमीटर सरकला तरी विमान उडी मारतं आणि लोक म्हणतात फ्लाइट मॉडेल चुकलंय. चूक मॉडेलची नसते, दांड्याच्या लांबीची असते. म्हणून सेटिंगमध्ये कर्व्ह लावायचा, मधल्या भागात प्रतिसाद मऊ आणि टोकाकडे जास्त. काही जण जॉयस्टिकला नळी जोडून तो जमिनीवर बसवतात, घरी जागा असेल तर फार फरक पडतो.

उलट एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारे पंखांवरचे भाग, सुरुवातीच्या स्पिटफायरवर कापड चढवलेले होते आणि वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास गेला की ते इतके घट्ट व्हायचे की दोन्ही हातांनी रेटूनही विमान नीट वळायचं नाही. १०९ चंही तसंच. आता तुमच्या जॉयस्टिकमधली स्प्रिंग बिचारी सगळ्या वेगांना सारखीच, तिला काय माहीत बाहेर वारा किती आहे, त्यामुळे चांगलं सिम काय करतं तर तुम्ही स्टिक पूर्ण ढकलला तरी आतला स्टिक तेवढाच हलवतं जेवढा माणसाच्या ताकदीने हलला असता. स्क्रीनवर कॉकपिटमधला स्टिक बघा, तो तुमच्या हाताच्या मागे राहिलेला दिसेल. फोर्स फीडबॅकवाला जॉयस्टिक असेल तर हा जोर थेट हातात येतो, त्यासाठी लोक अजून वीस-पंचवीस वर्षं जुने जॉयस्टिक जपून वापरतात.

टेकऑफला चाकं वर घेणं घ्या. आपण एक बटण दाबतो. स्पिटफायरमध्ये चाकांचा दांडा उजव्या हाताला होता आणि उजव्याच हातात स्टिक, म्हणजे जमीन सोडली की थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, डावा हात काढून स्टिकवर आणायचा आणि उजव्याने चाकं वर घ्यायची. अगदी सुरुवातीच्या विमानांत तर हाताने पंप मारावा लागायचा, उजवा हात पंप मारतोय आणि त्याच्यासोबत नकळत डावाही हलतोय, त्यामुळे नवीन पायलटचं विमान टेकऑफनंतर डुलत डुलत वर जायचं आणि खालून बघणाऱ्याला लगेच कळायचं की हा नवखा आहे. मी चाकांचं बटण जॉयस्टिकवरून काढून टेबलाच्या उजव्या कडेला एका जुन्या नंबर पॅडवर ठेवलंय, मुद्दाम, म्हणजे हात बदलावाच लागतो. एक रुपया खर्च नाही आणि दर टेकऑफला छातीत धडधड.

जमिनीवरही हे विमान सोपं नव्हतं. नाक इतकं लांब की सरळ समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवत न्यायचं, एकदा डावीकडून बघायचं एकदा उजवीकडून. रेडिएटर उजव्या पंखाखाली, त्यात चाकाचा पाय वारा अडवतो, त्यामुळे इंजिन चालू करून उभं राहिलं की काही मिनिटांत गरम. सिममध्ये इंजिन तापण्याचं सेटिंग बंद असेल तर चालू करा, मग आपोआप घाई सुटते, रांगेत पुढचा का थांबलाय म्हणून जीव कासावीस होतो. थ्रॉटल पुढे केला की नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जोरामुळे विमान डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय दाबून ते सरळ ठेवायचं, यासाठी रडर पेडल, म्हणजे शेपटीची उभी फळी पायाने फिरवायचे पेडल, असले तर उत्तम, नाहीतर मनगटाने फिरणारा जॉयस्टिक. १०९ वाल्यांचे त्रास अजून वेगळे, चाकं अरुंद, त्यामुळे उतरताना तिरकं झालं की संपलं, आणि फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली करायच्या फळ्या, चाक फिरवून हाताने खाली करायचे. पंख्याच्या पात्यांचा कोन दाखवायला तर घड्याळासारखी डायल होती, काटा बाराकडे म्हणजे पाती टेकऑफसाठी तयार.

बाकी ज्याला एकच गोष्ट करून बघायची असेल त्याने ही करावी: स्पिटफायर मार्क वन घ्या, १०९ च्या मागे लागा, तो स्टिक पुढे ढकलून सरळ खाली सूर मारतो, तुम्हीही तसंच करा. तुमचं इंजिन खोकेल, बंद पडल्यासारखं होईल आणि तो निसटून जाईल. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनला पेट्रोल कार्ब्युरेटरमधून मिळायचं, आणि विमान अचानक खाली दाबलं की आतलं पेट्रोल वर उचललं जायचं, इंजिनचा पुरवठा तुटायचा. जर्मन इंजिनात पेट्रोल थेट इंजेक्शनने, त्यांना फरक पडायचा नाही. ब्रिटिश पायलटांनी यावर तोड काढली ती म्हणजे आधी विमान उलटं करायचं आणि मग स्टिक पोटाशी ओढून खाली जायचं, म्हणजे पेट्रोल तळाशीच दाबलेलं राहतं, पण त्यात एक-दोन सेकंद जातात. इंजिनातला इलाज बिएट्रिस शिलिंग या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या इंजिनियर बाईंनी शोधला, पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक पाडलेली एक छोटीशी चकती, पण ती आली १९४१ मध्ये. म्हणजे १९४० चं मिशन उडवताना तुमचं इंजिन खोकलंच पाहिजे, आणि १९४१ च्या मिशनमध्ये तेवढं खोकता कामा नये. सिम बनवणाऱ्यांनी महिना बघून विमान द्यायला हवं ते यासाठी. हे वाचलेलं असणं वेगळं आणि शत्रू समोरून निसटताना हाताला कळणं वेगळं.

गोळ्यांचा हिशोबही करून ठेवा. आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी ३०० गोळ्या, म्हणजे एकूण २४०० ऐकायला खूप वाटतात पण बटण दाबून ठेवलं तर पंधरा सेकंदांच्या आसपास सगळं रिकामं. बंदुका पंखांत असल्यामुळे त्यांची तोंडं थोडी आत वळवून एका ठराविक अंतरावर गोळ्या एकत्र येतील असं लावायचे, आधी हे अंतर ४०० यार्ड होतं, अनुभवी पायलटांनी ते २५० वर आणून घेतलं. सिममध्ये हे अंतर बदलता येतं, बदला. आणि समोरून आडवं जाणारं विमान असेल तर गोळी २५० यार्ड जाईपर्यंत ते स्वतःच्या लांबीच्या चार-पाच पट पुढे गेलेलं असतं, म्हणजे विमानावर नेम धरायचाच नाही, पुढच्या रिकाम्या आकाशावर धरायचा. आवाजाचं एक छोटं सांगतो, बंदुकांच्या तोंडावर थंडीने गोठू नयेत म्हणून कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या, गोळ्या झाडल्या की त्या फाटायच्या आणि परतताना त्या भोकांतून वारा शिट्टी वाजवायचा. विमानतळावर उभे असलेले मेकॅनिक आवाजावरूनच ओळखायचे की हा लढून आलाय. २५,००० फुटांवर बाहेर उणे ३४ अंशांच्या आसपास असतं, आणि स्पिटफायरच्या कॉकपिटला हीटर नव्हता.

आता रेडिओ, कारण माहिती नसण्याचा खरा खेळ इथे आहे. लोकांना वाटतं इंग्लंडकडे रडार होतं म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं. किनाऱ्यावरचे ते उंच टॉवर फक्त समुद्राकडे बघायचे, विमानं किनारा ओलांडून आत आली की मग ऑब्झर्व्हर कोअर या टेहळणी दलाची माणसं दुर्बिणीने आणि कानाने मोजायची. रडारची खबर आधी बेंटली प्रायोरीला, म्हणजे फायटर कमांडच्या (ब्रिटिश लढाऊ विमानदलाच्या) मुख्यालयाला, तिथून अक्सब्रिजला आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या ११ ग्रुपकडे, तिथून सेक्टर स्टेशनला, म्हणजे त्या त्या भागाच्या मुख्य विमानतळाला, आणि मग तिथला कंट्रोलर पायलटशी बोलायचा. तोपर्यंत खबर काही मिनिटं शिळी. इंग्लंडमधल्या डोव्हरपासून फ्रान्समधल्या कॅलेपर्यंतची खाडी अरुंद ठिकाणी जेमतेम ३४ किलोमीटर, आणि स्पिटफायरला २०,००० फूट चढायला एकट्याने सात-आठ मिनिटं, अख्ख्या स्क्वाड्रनला, म्हणजे डझनभर विमानांच्या तुकडीला, त्याहून जास्त. त्यात रडारवरून उंचीचा अंदाज धड यायचा नाही, म्हणून कंट्रोलरने 'एंजल्स फिफ्टीन' म्हणजे १५,००० फूट सांगितलं की शहाणे पायलट मनातल्या मनात अजून दोन-चार हजार वाढवून चढायचे.

कंट्रोलरला आपलं स्वतःचं विमान कुठे आहे हे कळायला पण एक युक्ती होती, तिचं नाव पिप-स्क्वीक. ठरलेल्या विमानाचा रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप एक सूर सोडायचा, जमिनीवरची स्टेशनं त्याची दिशा पकडून नकाशावर जागा काढायची, आणि त्या १४ सेकंदांत त्या पायलटला बोलता यायचं नाही. विचार करा, मागून १०९ येताना दिसतंय आणि तुमचा रेडिओ सूर धरून बसलाय.

घरी हे करायला दोन माणसं पुरतात. मी आणि माझा तो मित्र असं करतो की एक जण उडवतो आणि दुसरा फोनवर कंट्रोलर, त्याच्याकडे मिशनचा नकाशा, पण तो दर तीन मिनिटांनी फक्त एकदा बघायचा आणि बघितलेलं लगेच सांगायचं नाही, कागदावर लिहून थोडं थांबून सांगायचं, उंची तर अंदाजेच. उडवणाऱ्याचा नकाशा बंद, खाली रेल्वेचे रूळ, नदी, केंटचा किनारा बघून स्वतःची जागा ओळखायची. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं ढगांत फिरलो आणि एकही विमान दिसलं नाही. खऱ्या पायलटांच्याही कितीतरी फेऱ्या अशाच गेल्या, आणि बऱ्याच जणांनी अख्ख्या लढाईत एकही विमान पाडलं नाही. या रिकाम्या फेऱ्या कापून टाकू नका, कारण दहा मिनिटं काहीच झालेलं नसतं तेव्हा अकराव्या मिनिटाला दिसलेला ठिपका अंगावर काटा आणतो. जर्मन बाजूने उडवलं तर ताण वेगळाच, कंट्रोलर नाही, बॉम्बर आणि फायटर एकमेकांशी रेडिओवर बोलू शकत नाहीत, आणि पेट्रोल इतकं कमी की लंडनवर लढायला दहा-एक मिनिटं, मग लाल दिवा लागतो आणि समोर खाडी पार करायची असते.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेलला १५२ नंबरची स्पिटफायर स्क्वाड्रन होती, तिचं नाव हैदराबाद स्क्वाड्रन, निजामाच्या देणगीवरून पडलेलं. त्या हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला अख्खा मराठवाडा होता. तिच्या विमानांवर यूएम ही अक्षरं असायची, मी सिममध्ये तीच रंगसंगती लावतो. विमानावरची अक्षरं गेममध्ये काहीच बदलत नाहीत, पण माझ्या आजोळच्या शेतसाऱ्याचा कुठेतरी धागा त्या विमानाशी जुळलेला असू शकतो असं मनात आलं की मी ते विमान जरा जपून उतरवतो.

जपून उतरवणं यासाठी एकच नियम लागतो, मेलं की करिअर संपलं, परत पहिल्यापासून. फायटर कमांडची ५४४ माणसं त्या लढाईत गेली, काही नवीन मुलं तर स्पिटफायरवर दहा-वीस तास काढून थेट लढाईत आलेली. रीस्टार्टचं बटण असलं की आपण समोरासमोर घुसतो, नसलं की सूर्य कुठे आहे ते आधी बघतो, नुकसान झालं की पळतो, आणि पळून जिवंत परत येणं हे किती मोठं काम होतं ते कळतं.

शेवटचं सेटिंग, आणि हे फार थोडे लोक बंद करतात: शत्रू पडल्याचा मेसेज. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं की १८५ जर्मन विमानं पाडली, प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती. कुणी खोटं बोलत नव्हतं. एकाच जळत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनाही वाटलं आपणच पाडलं, धूर सोडत ढगात गेलेलं विमान गेलंच असं वाटलं, आणि थांबून बघत बसायला कुणाला वेळ होता. उतरल्यावर इंटेलिजन्स ऑफिसर समोर बसायचा आणि आठवेल तसं लिहून द्यायचं.

तर आम्ही आता मेसेज बंद करून उडवतो आणि उतरलं की वहीत रिपोर्ट लिहितो, किती वाजता, किती उंचीवर, कुठून आला, किती सेकंद झाडल्या, काय दिसलं. मग सिमची लॉग फाइल उघडून ताडून बघायचं. गेल्या रविवारी मित्राने लिहिलं, फोकस्टोनच्या वर एक १०९, इंजिनातून पांढरा धूर, उलटं होऊन खाली गेलं, नक्की पडलं. लॉगमध्ये निघालं की त्याच्या अकरा गोळ्या लागल्या होत्या, एकाच बाजूचा रेडिएटर फुटला होता, आणि ते १०९ लाटांना टेकेल इतकं खाली उडत फ्रान्सला जाऊन उतरलं होतं. तो बराच वेळ ती फाइल बघत बसला, मग वहीत 'पाडलं' वर काट मारून 'नुकसान केलं' असं लिहिलं आणि म्हणाला, अजून एक फेरी मारू, या वेळी कंट्रोलर तू हो.